‘लहान आहे, विसरेल’ हे खरं नाही

आमच्या नाशिकजवळच्या सातपूरच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच संदेश तिघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: लहान मुलं वाईट प्रसंग आपोआप विसरतात, त्यावर बोललं की जखम चिघळते, आपणही मार खाऊनच घडलो, आणि फोनवरचं समुपदेशन म्हणजे पोराच्या हाती मोबाईल द्यायचं निमित्त. मी वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. असलं वाचून एखादी आई मदत मागायची थांबते, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ‘विसरतात’ हे घेऊ. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. वडिलांना कंपनीत अपघात झाला त्या दिवशी हा आजीबरोबर डबा घेऊन गेटवर उभा होता. नंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. “बाई, तो विसरला,” असं घरचे सांगायचे. पण दुपारी कंपनीचा भोंगा झाला की त्याचा घास हातातच राहायचा. अर्धी पोळी तशीच ठेवून डब्याला झाकण लावायचा आणि डबा दप्तरात. रात्री अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलंय, हे आजीने मला एकदा वर्गाच्या दाराशी हळूच सांगितलं.

अगदी तान्ह्या वयातलं मोठेपणी शब्दांत आठवत नाही, एवढंच खरं. भीती मात्र अंगात मुरते. पोट दुखतं, मूल आईला चिकटतं, तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा येतो. म्हणून तर अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली मानसिक आघातानंतरच्या आजारासाठी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे निकष वेगळे केले. त्याआधी १९९८ साली फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी कॅलिफोर्नियातल्या हजारो प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन असं बालपणी जितकं जास्त सोसलेलं, तितका पुढे नैराश्याचा, व्यसनाचा, अगदी हृदयविकाराचाही धोका जास्त, असं त्यात दिसलं. धोका जास्त म्हणजे अटळ असं नव्हे. वेळेवर आधार मिळाला की मुलं सावरतात.

‘जखम चिघळते’ यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. मुलाला समोर बसवून “सांग काय झालं” म्हणून खोदणं वाईटच. जागतिक आरोग्य संघटनाही प्रसंगानंतर लगेच सगळं वदवून घेऊ नका असंच सांगते. पण खोदू नका म्हणजे गप्प बसा, असं नाही. मूल बोलेल तेव्हा हातातलं काम ठेवून ऐकायचं.

मार खाऊन घडलो, याला फार शब्द नकोत. शाळेत मुलाला मारायला शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच बंदी घातली. आपण घडलो ते माराच्या जोडीला माया करणारं कुणीतरी होतं म्हणून.

आता फोन. सुरगाणा-पेठच्या पाड्यावरून मुलाला नाशिकला दाखवायला आणायचं म्हणजे घाट, बसभाडं आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला कुठून मिळणार? १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेली-मानस ही सरकारची फोनवरची समुपदेशन सेवा १४४१६ वर चोवीस तास, फुकट, मराठीतही मिळते. त्यासाठी स्मार्टफोनही लागत नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या आईने साध्या फोनवरून तिथे बोलणं केलं. पहिल्या वेळी मुलगा बोललाच नाही, बोलली ती आई. भोंग्याच्या वेळी त्याच्याजवळ कसं बसायचं, काय म्हणायचं, हे तिला समजावून दिलं, आणि पुढे जिल्हा रुग्णालयात दाखवायला सांगितलं. हातात मोबाईल देऊन मुलाला एकटं सोडणं ते हेच, असं कोण म्हणेल?

आपोआप उत्तरं देणाऱ्या अ‍ॅपच्या भरवशावर मुलाला सोडू नका, हे मीही म्हणेन. पलीकडे प्रशिक्षित माणूस हवा आणि अलीकडे घरातलं मोठं माणूस. पण त्रास देणारा घरातलाच असेल, तर मुलाला एकांतात बोलू द्यायला हवं. त्यासाठी १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, आणि मूल स्वतःही तो लावू शकतं.

संदेश टाकणाऱ्या तिघांनाही मी फोन केला. एकाने तो काढून टाकला आणि त्याच जागी हे दोन्ही नंबर टाकले. दोघांशी बोलणं अजून चालू आहे.