सह्याद्रीत हमिंगबर्ड नाही, आणि त्याला पाय आहेत

निळ्याशार गळ्याच्या एका पक्ष्याचा फोटो आणि त्याखाली चार ओळी: हा दुर्मिळ डोंगरी हमिंगबर्ड हिमालयात आणि सह्याद्रीत सापडतो, त्याला पाय नसतात, क्षणभर थांबला तर मरतो, फक्त मधावर जगतो, तेव्हा बाल्कनीत साखरपाणी टांगा आणि त्याला वाचवा. पक्षी खरा आहे, ब्लू-थ्रोटेड हिलस्टार. मजकूर मात्र जवळजवळ सगळा चुकीचा आहे.

आधी पत्ता बघू. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि आज त्या सगळ्या फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. युरोपात त्यांचे ३ कोटी वर्षांहून जुने जीवाश्म मिळालेत, पण जिवंत हमिंगबर्ड आशियात कुठेच नाही. हिलस्टारचं घर तर आणखी चिमुकलं: इक्वाडोरच्या नैर्ऋत्येला, लोहा आणि एल ओरो प्रांतांच्या सीमेवर, ३२०० ते ३७०० मीटर उंचीचा, १०० चौरस किलोमीटरच्या आसपासचा टापू. सेरो दे आर्कोस या डोंगरावर फ्रान्सिस्को सोर्नोसा यांना तो २०१७ साली दिसला. २०१८ मध्ये नवी जात म्हणून त्याची नोंद झाली. संशोधकांच्या अंदाजानुसार फार तर ७५० पक्षी असतील.

‘पण मी स्वतः पाहिलाय, आमच्याच बागेत!’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांनी शिंजीर पाहिलेला असतो, नाहीतर पतंग. आमच्या कुंडीतल्या अनंताची पानं दर पावसाळ्यात एक हिरवी, शेपटाला काटा असलेली अळी फस्त करते. तिचाच पुढे काचेसारख्या पंखांचा पतंग होतो. तो फुलासमोर अधांतरी थांबून रस पितो, पंखांचा गुणगुणाट ऐकू येतो, आणि पहिल्या नजरेला कुणीही फसेल. जवळ जाऊन बघा: डोक्यावर दोन मिशा, सहा पाय, आणि चोचीच्या जागी गुंडाळता येणारी सोंड.

पाय नसतात, हा गैरसमज नावातूनच आला असावा. हमिंगबर्ड ज्या गणात मोडतात त्याचं शास्त्रीय नाव ॲपोडिफॉर्मिस, मूळ ग्रीक अर्थ ‘बिनपायाचे’. पाय आखूड असतात, चालता येत नाही, एवढंच त्यात तथ्य. हिलस्टारच्या बाबतीत तर हे आणखीच उलटं आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते आणि एका जागी फडफडत राहणं फार महागात पडतं. म्हणून हिलस्टारांचे पाय इतर हमिंगबर्डपेक्षा मोठे आणि दणकट असतात. चुकिराग्वाच्या काटेरी झुडपावर ते चक्क बसतात, नारिंगी फुलाला पायांनी धरून चोच आत घालतात. उडतच रस पिणारा पक्षी अशी ज्यांची ख्याती, त्यांच्यातला हा निवांत बसून जेवणारा. मला या पक्ष्याचं सगळ्यात अप्रूप याचंच वाटतं.

थांबला तर मरतो? हमिंगबर्डला दिवसभर सारखं खावं लागतं, हे खरं. पण रात्री काय? कडाक्याच्या थंडीत अँडीजमधले कितीतरी हमिंगबर्ड शरीर जवळजवळ बंद करून टाकतात. हृदयाचे ठोके मंदावतात, अंग गार पडतं. पेरूमध्ये ब्लॅक मेटलटेल या त्यांच्या भाऊबंदाचं तापमान रात्री ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. सकाळी तो पुन्हा ऊब धरून उडाला. म्हणजे थांबता येतं म्हणूनच तो जगतो.

मधाचं तर सोडाच, ते फुलांतला रस पितात. त्यात प्रथिनं जवळपास नसतात, म्हणून बारीक कीटक आणि कोळीही खातात. पिल्लं त्याशिवाय वाढणार नाहीत.

राहिलं साखरपाणी. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या बाल्कनीत टांगलेली बाटली त्या डोंगरापर्यंत पोचत नाही, आणि तिथला प्रश्न बाटलीने सुटणाराही नाही. गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून तिथली पारामो, म्हणजे उंचावरची गवताळ माळरानं, पेटवून देतात. त्या आगीत चुकिराग्वाची झुडपं जातात. सोन्याच्या खाणींचं सावट वेगळंच. दुसरीकडे उडून जावं, तर उत्तरेला हुबोनेस नदीचं खोल, उष्ण, कोरडं खोरं आडवं पसरलंय. शेजारच्या, हिलस्टारांच्याच दुसऱ्या जातींपासून या पक्ष्याला अलग पाडलं ते त्याच खोऱ्यानं.