भुवयांचं सोवळं

वीस वर्षं दर पंधरा दिवसांनी दोरा फिरवून घेतल्यावर माझ्या भुवया एक दिवस उगवायच्याच थांबल्या. डावी अर्धी, उजवी नावापुरती. रोज सकाळी पेन्सिलीने काढायच्या आणि मालवणच्या दमट हवेत अकरा वाजेपर्यंत गालावर उतरलेल्या बघायच्या. पुतणीचं लग्न ३० मेला ठरलं, तेव्हा म्हटलं, आता कायमच्याच कोरून घेऊ, म्हणजे सुयांनी कातडीत रंग भरून. मायक्रोब्लेडिंग म्हणतात त्याला.

‘कायमच्या’ म्हणजे फार तर वर्ष-दोन वर्षं टिकणाऱ्या, हे कुडाळच्या पार्लरमध्ये गेल्यावर कळलं. शिवाय सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा बसावं लागतं, राहिलेले केस भरायला. लग्नापासून उलटं मोजत पहिली तारीख एप्रिलच्या सुरुवातीची निघाली. कानामागे रंगाचा ठिपका देऊन खाज येते का ते पाहिलं. रेटिनॉलची क्रीम दोन आठवडे बंद. रक्त पातळ करायची गोळी घेता का, हेही विचारलं. घेत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, असं बजावलं. हे सगळं जमलं. आदल्या दिवसापासून चहा बंद, हे मात्र जमवलं म्हणजे घरातल्या सगळ्यांनी सोसलं.

प्रत्यक्ष कोरण्यापूर्वी पार्लरवालीने सुतार फळीवर मारतो तसा रंगाचा दोरा ताणून कपाळावर रेघा मारल्या. अर्धा-पाऊण तास नुसती मापं. मग बधिर करायचं मलम, आणि मग पेनाला लावलेल्या सुयांच्या ओळीने एकेक केस. दुखत फारसं नव्हतं. पण नारळ खवल्यासारखा ‘खर्र, खर्र’ आवाज आपल्याच कवटीत ऐकणं काही बरं नाही.

आरशात पाहिलं तर दशावतारातला राक्षसपार्ट! “पहिले काही दिवस गडदच दिसतात, काकी,” म्हणत तिने हातात लॅमिनेशन केलेला कागद दिला. दहा दिवस घाम नको, वाफ नको, ऊन नको, भुवयांना पाणी नको. मलम तांदळाच्या दाण्याएवढं. खपली काढायची नाही.

एप्रिलमध्ये. मालवणात. घाम नको! हा कागद ज्याने लिहिला त्याला एकदा दुपारी बारा वाजता आमच्या स्वयंपाकघरात सोलकढीसाठी नारळ खवायला बसवायला हवं. मी पेजेचं झाकण नवऱ्याला काढायला लावलं. मासे तळणं त्याच्याकडे गेलं आणि दोन बांगडे थेट कोळशाच्या जातीत गेले. अंघोळ मानेखालून. केस धुवायचे तर मान मागे टाकून मोरीच्या कट्ट्यावर आडवं व्हायचं आणि त्याने तांब्याने पाणी घालायचं.

सासूबाई पाटावरून हे बघत होत्या. “काय गो, तुझ्यो भुवयो सोवळ्यात बसल्यो काय?”

सहाव्या दिवशी खाज सुटली. मच्छर चावल्यावरची खाज त्यापुढे काहीच नाही. हात वर गेला की मुलगा ओरडायचा, “आई, कागद!” मग खपल्या आपोआप पडल्या आणि खाली बघते तर रंगच नाही! बारा हजार रुपये उशीच्या अभ्र्यावर. फोन केला तर ती हसली. नवी कातडी वर येते तेव्हा रंग फिका वाटतो, महिन्याभरात दिसेल, म्हणाली. दिसला खरा, पण मधल्या काळात मी नवऱ्याशी नीट बोलले नाही. त्याचा काही संबंध नव्हता.

दुसरी बैठक १७ मेला. पुन्हा तेच दहा दिवस, आणि दुसऱ्याच दुपारी वीज गेली. पंखा थांबला तशी कपाळावर एकेक थेंब जमायला लागला. मी टिपकागद धरून भिंतीला टेकून बसलेली. सासूबाई उठल्या, फ्रिजवरचा तो कागद काढला आणि माझ्यासमोर बसून त्यानेच वारा घालू लागल्या. त्यांचा हात डोळ्यांपुढून जा-ये करत होता. मनगटाच्या वर गोंदलेलं तुळशीवृंदावन, हिरवट, कडा जरा पसरलेल्या.

“ह्याका काय लावलंलास?” मी विचारलं.

“हळद. दुसऱ्या दिवशी शेतात गेलंय.”

“आणि घाम?”

“इलो तर इलो,” त्या म्हणाल्या, आणि कागद या हातातून त्या हातात घेतला. “हलू नको गो. थेंब खाली येता हा.”