८२ डिग्री म्हणजे जास्त आकाश? कशापेक्षा जास्त?

इंदूरच्या टेलिस्कोपवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय, मला तर तिघांनी पाठवला. म्हणे टेलिस्कोपबरोबर आलेला प्लॉस्ल आयपीस (आयपीस म्हणजे डोळा लावायची भिंगांची नळी, प्लॉस्ल हा त्यातला साधा प्रकार) कपाटात टाका आणि ८२ डिग्रीवाला घ्या, आकाश जास्त दिसतं, कुठल्याही टेलिस्कोपला चालतो, फक्त ग्रहांना त्याचा उपयोग नाही.

पहिलं आकाशाचंच बघू. आयपीसवर छापलेली डिग्री म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या गोलाची रुंदी. तिला मॅग्निफिकेशनने (टेलिस्कोपची फोकल लेंथ भागिले आयपीसचे एमएम) भागलं की खरं आकाश किती दिसतंय ते कळतं. माझा ८ इंची डॉब, म्हणजे साध्या फिरत्या स्टँडवरचा आरशाचा टेलिस्कोप, फोकल लेंथ १२०० एमएम. त्याला ३२ एमएमचा ५० डिग्रीवाला साधा प्लॉस्ल लावला की ३७ पट आणि १.३ डिग्री आकाश. १४ एमएमचा ८२ डिग्रीवाला लावला तर ८६ पट आणि आकाश एक डिग्रीसुद्धा नाही! म्हणजे कपाटात टाका म्हणताय तोच जास्त दाखवतोय की. हां, १४ ला १४ शी लावलं तर ८२ वालाच जिंकणार, पण मेसेजमधे तसं लिहिलंय कुठे. आणि सव्वा इंची आयपीसच्या नळीत आतली मोकळी जागाच २७ एमएमच्या आसपास संपते, त्यामुळे ३२ चा प्लॉस्ल काय किंवा २४ चा ६८ डिग्रीवाला काय, आकाश जवळपास तेवढंच. कृत्तिका अख्ख्या बसवायच्या तर माझ्या डॉबला २ इंचीच लागतो, आणि त्यातले काही किलोभर वजनाचे असतात, लावला की डॉबचं तोंड खाली.

मग २४ वाला कशाला घ्यायचा? तर तेवढंच आकाश ५० पटीत दिसतं आणि मागचा उजेड दबतो. रामबागेतल्या गच्चीवरून ३२ मधे सगळं राखाडी दिसतं, २४ मधे बरंच काळं, शहरात हा फरक डिग्रीपेक्षा मोठा आहे.

कुठल्याही टेलिस्कोपला चालतो हे तर सोडूनच द्या. एफ १० ला, म्हणजे फोकल लेंथ व्यासाच्या दहापट असलेल्या टेलिस्कोपला, स्वस्तातला वाइड फील्ड (जास्त डिग्रीवाला) छान चालतो, पण मित्राच्या एफ ५ न्यूटोनियनला (हाही आरशाचाच टेलिस्कोप) लावून इंदूरजवळच्या जानापाव टेकडीवर बघितलं तर कडेचे तारे पंख पसरलेल्या पाखरांसारखे झालेले. त्यात थोडा कोमा, म्हणजे कडेच्या ताऱ्यांना शेपूट फुटणं, आरशाचाही असतो, तो आयपीस बदलून जात नाही. आयपीस डिझाइन करणारे अल नॅगलर यांचे ८२ डिग्रीवाले एफ ४ लाही नीट चालतात पण किंमत बघा.

राहिले ग्रह, आणि तिथे तर मेसेज अगदीच उलटा आहे. डॉबला मोटर नाही. २०० पटीत ५० डिग्रीच्या आयपीसमधून शनी मिनिटभरात एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो, वर ६ एमएमच्या प्लॉस्लला डोळा काचेला चिकटवावा लागतो. मी शनी मधे आणून आईला बोलवायचो, ती चष्मा काढून स्टुलावर टेकेपर्यंत गेलेला असायचा. ८२ डिग्रीत दीड मिनिटाच्या वर मिळतं, आता तिचं निवांत बघून होतं आणि वर मलाच सांगते, अरे कडेला आला बघ, सरकव.