गुलाबी डब्यातलं बांधकाम

कुडाळच्या बाजारात खेळणं घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, "मुलगा की मुलगी?" वय नंतर विचारतात. मुलगी म्हटलं की काउंटरवर गुलाबी-जांभळे डबे येतात आणि क्रेन, ट्रक, फायर ब्रिगेडवाले डबे वरच्या फळीवर तसेच राहतात. ह्या गोष्टीचा मला राग येतोच. पण ह्या मे महिन्यात भावाची मुलगी आणि शेजारची तिची मैत्रीण आमच्या पडवीत तसलाच एक डबा घेऊन खेळत होत्या ते जवळून बघितलं, आणि मला जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा यायला लागला. मुली त्या डब्यातून जे बांधतात ते आपण मोठी माणसं बांधकामात धरतच नाही.

आधी थोडं डब्याबद्दल. लेगो ही एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे, म्हणजे ब्रिक्स, करणारी डेन्मार्कची कंपनी, तिने २०१२ साली खास मुलींसाठी म्हणून 'लेगो फ्रेंड्स' काढलं. ऑलिव्हिया, मिया, अँड्रिया, स्टेफनी, एमा अशा पाच मैत्रिणी, त्यांचं हार्टलेक सिटी नावाचं गाव, तिथे कॅफे, ब्युटी पार्लर, प्राण्यांचा दवाखाना. तेव्हा ह्यावरून मोठा गदारोळ झाला, पन्नास हजारांवर लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. त्यातली एक तक्रार मला अजूनही शंभर टक्के पटते. नेहमीच्या लेगोतल्या छोट्या माणसाचे पाय वेगवेगळे हलतात, मनगट फिरतं. फ्रेंड्समधल्या बाहुलीचे दोन्ही पाय एकत्रच वाकतात आणि मनगट फिरत नाही. मुलींसाठी म्हणून काढायचं आणि त्यांच्याच बाहुलीला चालता येऊ नये, हे का?

पण त्याच पहिल्या वर्षी पार्लरच्या जोडीला ऑलिव्हियाचं वर्कशॉपही होतं, टूल्स आणि रोबोटसकट. ते फार लोकांच्या लक्षात राहिलं नाही. आणि मुख्य म्हणजे ब्रिक्स तेच. गुलाबी ब्रिक लाल ब्रिकवर तसाच घट्ट बसतो. ह्याच कंपनीने १९७४ च्या सुमारास डब्यातून आईवडिलांना एक पत्र दिलं होतं, त्यात सरळ लिहिलं होतं की निर्मितीची ओढ मुलगा-मुलगी दोघांत सारखीच असते, मुलाला बाहुलीचं घर आवडेल आणि मुलीला अंतराळयान, हातात वस्तू द्या आणि काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. १९८१ च्या त्यांच्या जाहिरातीत जीन्स घातलेली एक छोटी मुलगी स्वतः बांधलेलं काहीतरी हातात धरून उभी आहे, गुलाबीचं नाव नाही. म्हणजे हे सगळं माहीत असलेल्याच कंपनीने तीस वर्षांनी मुलींचं कपाट वेगळं केलं.

आता पडवीतलं सांगते. डब्यात दुमजली घर होतं, मागून उघडं, म्हणजे हात घालून खेळता येतं असं. पुस्तिका बघून दोघींनी ते नीट बांधलं, मग बाहुल्यांचं जेवणखाण झालं, एक बाहुली आजारी पडली, दुसरी तिला बघायला आली. तिथपर्यंत घरातल्या सगळ्यांना वाटलं, झालं, भातुकली सुरू झाली. पण त्या गोष्टीतच पाऊस आला. आणि शेजारची मुलगी म्हणाली, "ह्येका पाठसून भिंतच नाय, पावस इलो काय पाणी आत येतलां." झालं, अर्धं घर मोडलं. मागची भिंत हवी, छप्पर उतरतं हवं, आणि उतरत्या छपराचे तुकडे तर डब्यात मोजकेच. मग त्यांनी चपट्या पट्ट्या घेतल्या, एकेक पट्टी खालच्या पट्टीपेक्षा थोडी आत सरकवत पायऱ्यापायऱ्यांनी वर नेल्या. दोन्ही बाजू मध्ये मिळेनात, छप्पर सारखं आत कोसळायचं, शेवटी घराची रुंदीच कमी केली तेव्हा कुठे टेकलं.

भिंतीचं तर मला फारच कौतुक वाटलं. पहिल्यांदा त्यांनी एका ब्रिकवर बरोब्बर तसाच दुसरा ब्रिक असे खांब रचले, बोट लागताच ते खांब सुटे व्हायचे. आमच्या बाजूलाच चिऱ्याचं काम चालू आहे, तिथला गवंडी दिवसभर हाताखालच्या पोराला ओरडत असतो की सांध्यावर सांधा येता कामा नये. पुतणीने ते कधी ऐकून ठेवलं देव जाणे, पण पुढची भिंत तिने अर्धा अर्धा ब्रिक सरकवून बांधली आणि ती हलली नाही. हे कुणी शिकवलं नाही, पुस्तिकेत नव्हतं. आजारी बाहुली भिजू नये म्हणून झालं. गोष्ट होती म्हणून अडचण आली आणि अडचण आली म्हणून बांधकाम झालं. मुली नुसतं बाहुल्यांशी बोलत बसतात असं म्हणणाऱ्यांनी जरा खाली बसून बघावं, त्या बोलण्यातच घर कुणाचं, किती माणसं, जिना कुठे, विहीर किती लांब हे सगळं ठरत असतं.

आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी येऊन म्हणतं, अगं एवढं छान घर मोडलंस कशाला, डब्यावर आहे तसं परत कर, शोकेसमध्ये ठेवू. मुलाने क्रेन मोडून विमान केलं तर 'डोकं चालतं हो त्याचं', मुलीने घर मोडलं तर 'महागाची वस्तू, नीट वापर'. माझं एवढंच मागणं आहे की मोडू द्या. पुस्तिकेप्रमाणे एकदा झालं की सगळं एका डालग्यात ओता, तिच्या भावाचा पोलीस स्टेशनचा डबासुद्धा त्यातच.

भावावरून आठवलं. पुतण्या दिवसभर ह्या दोघींच्या आजूबाजूला घुटमळत होता, छपराला हात लावायची फार इच्छा, पण वाडीतली मुलं आली की लगेच उठून बाहेर. २०२१ साली लेगोनेच करून घेतलेल्या पाहणीत ७१ टक्के मुलग्यांनी सांगितलं होतं की मुलींच्या खेळण्याशी खेळलो तर लोक हसतील अशी भीती वाटते, मुलग्यांच्या खेळण्याबद्दल अशीच भीती वाटणाऱ्या मुलींचं प्रमाण ४२ टक्के. कपाट वेगळं केल्याने नुकसान फक्त मुलींचं होत नाही, हे मला त्याच्याकडे बघून कळलं. त्यानंतर कंपनीने खेळण्यांतला हा भेदभाव काढू असं जाहीर केलंय, पण आमच्या बाजारातल्या फळीपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

ह्या खेळण्यांच्या किमती वाडीतल्या बहुतेक घरांना परवडत नाहीत हेही खरंच आहे. म्हणून एक विनंती. गणपतीला मुंबईहून गावी येणार असाल आणि घरात मोठ्या झालेल्या मुलांचे सुटे ब्रिक्स पिशवीत पडून असतील, कुठल्याही कंपनीचे, कुठल्याही रंगाचे, पुस्तिका-डबा काही नसला तरी चालेल, तर येताना घेऊन या. आमच्या पडवीत एक मोठं डालगं ठेवतेय, वाडीतल्या सगळ्या मुलामुलींसाठी. ज्यांना द्यायचे आहेत त्यांनी मला मेसेज करा, कुडाळ स्टेशनवरून मी स्वतः येऊन घेईन.