ड्रमचे गोत्र

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला सुटे भाग मिळत नाहीत, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात भाग इतके मिळतात की त्यांचे काय करावे हे कळत नाही. आमच्या इंग्लंडमधल्या गॅरेजात माझी १९५७ सालची एमजीए, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मावेल एवढीच जागा होती. तिच्यातही गाडीसोबत फुकट आलेल्या ब्रेक ड्रमच्या ढिगाने मानाची जागा पटकावली. पूर्वीच्या मालकाने ‘यातले काही तुमच्याच गाडीचे असतील’ असे उदार आश्वासन दिले होते. त्यातला ‘काही’ हा शब्द मला तेव्हाच खटकायला हवा होता.

ब्रेक ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे आणि आतून दाबून थांबवले जाणारे पसरट भांडे, ही बिडाची, गोल, गंजलेली आणि अत्यंत अबोल वस्तू आहे. ओतकामातला एखादा आकडा गंजाखाली सापडतो, पण तो सुट्या भागांच्या यादीतल्या क्रमांकाशी जुळत नाही. मग उरते मोजमाप. माझ्या गाडीच्या, म्हणजे एमजीए १५०० या मॉडेलच्या, चारही चाकांना दहा इंची, म्हणजे २५४ मिलिमीटरचे ड्रम होते. १९५९ च्या १६०० या मॉडेलपासून पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक आले. एवढ्यावर ओळख पटली असती तर प्रश्नच नव्हता, पण त्याच कंपनीच्या पुढे आलेल्या एमजीबी या गाडीचे मागचे ड्रमही दहा इंचीच आणि चाक बसवायची भोकेही चारच. फरक आहे तो भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासात : एमजीएचे चार इंच, एमजीबीचे साडेचार. भोकाच्या मध्याला मात्र व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजमापाचा कॅलिपर, टेकवता येत नाही, कारण तिथे काहीच नसते. म्हणून एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजावे. भोके सारखी असतील तर तेच अंतर मिळते. गंजाने ती सारखी ठेवलेली नसतात, ही गोष्ट वेगळी. शिवाय गाडीची चाके पत्र्याची की तारांची, यावरही ड्रम बदलतो. व्यासाचीही खात्री नाही, कारण वर्षानुवर्षे लायनर, म्हणजे आतून दाबणारी ब्रेकची पट्टी, घासून आणि लेथवर कापून ड्रम आतून मोठा होत जातो, आणि दहा इंचांचा दहा इंच राहत नाही.

जाणकारांना विचारले तर प्रत्येक जण क्षणात उत्तर देतो. कोणाचेही उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही, आणि कोणीही ड्रम हातात घेऊन मोजत नाही.

या काळात कोल्हापूरहून सासूबाई आल्या होत्या. आतल्या धुळीत जुन्या लायनरमधले ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून मी ती फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसत होतो. ‘जावईबापू, चिरलेलं पण पुसून ठेवताय?’ असे म्हणून त्यांनी ड्रम लाकडी ठोकळ्यावर मांडायला सांगितले आणि बाजारात माठ घ्यावा तसा एकेक उलथन्याने वाजवून पाहिला. बाकीचे घंटेसारखे खणखणले, एक मात्र बद्द बोलला. उजेडात धरल्यावर भोकापासून कडेकडे गेलेली बारीक चीर दिसली. बीड तपासण्याची हीच रीत जुने मेकॅनिक सांगतात; फक्त ते हातोडी वापरतात आणि वर सल्ल्याचे पैसे घेतात.

शेवटी माझ्या गाडीचे चार ड्रम निघाले. उरलेल्यांतला एक मी सप्टेंबरात इंग्लंडमधल्या ब्यूली गावच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात ‘मूळ अज्ञात’ अशी चिठ्ठी लावून ठेवला. एका वयस्कर गृहस्थांनी तो पाहताक्षणी ऑस्टिन-हीली १०० या दुसऱ्याच ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा असल्याचे जाहीर केले. हीलीचे ड्रम अकरा इंची आणि हा दहाचा, हे सांगून मी व्हर्नियर पुढे केला. त्यांनी तो न पाहताच परत दिला, मला अशा बाबतीत अजून बरेच शिकायचे आहे असे समजावले, आणि हीलीचा ड्रम असूनही मी फारच जास्त किंमत लावली आहे, अशी तक्रार करून निम्म्या किमतीत तो नेला.