गाझी एस-२१ने बुडवली नाही

नौदल दिन जवळ आला की दरवर्षी तोच मजकूर व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. 'भारताच्या एस-२१ पाणबुडीने १८ दिवस पाण्याखाली राहून पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडवली आणि आपली विमानवाहू नौका विक्रांत वाचवली. सरकारने ही गोष्ट दडवून ठेवली. या विजयासाठीच ४ डिसेंबरला नौदल दिन असतो.' पुरावा म्हणून सोबत २०१७च्या 'द गाझी अटॅक'मधलं एखादं दृश्य.

सिनेमा मी दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा श्वास रोखून. के के मेनन आणि आपला अतुल कुलकर्णी यांनी त्या कोंडलेल्या जागेतला ताण फार चांगला उभा केलाय. सिनेमाने गोष्ट रचली, ते त्याचं कामच आहे. पण ती गोष्ट इतिहास म्हणून शाळेच्या ग्रुपवरसुद्धा जाते, तेव्हा गप्प बसवत नाही.

आधी एस-२१. हा क्रमांक खरा होता, आयएनएस करंजचा. आपल्याकडे तेव्हा सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट जातीच्या चार पाणबुड्या होत्या: कलवरी, खांदेरी (थळजवळच्या आपल्या जलदुर्गाचं नाव), करंज आणि कुरसुरा. १९७१च्या युद्धात करंज होती अरबी समुद्रात. गाझी बुडाली बंगालच्या उपसागरात, विशाखापट्टणमसमोर. करंजचे कप्तान विजयसिंह शेखावत यांना त्या युद्धातल्या कामगिरीबद्दल वीरचक्र मिळालं आणि १९९३ मध्ये ते नौदलप्रमुख झाले. यात दडवलेलं काय आहे?

पाण्याखालच्या पाणबुडीने पाण्याखालचीच दुसरी पाणबुडी बुडवल्याचं उदाहरण जगाच्या युद्धेतिहासात एकच आहे. ९ फेब्रुवारी १९४५ला नॉर्वेजवळ ब्रिटिश 'व्हेंचरर'ने जर्मन 'यू-८६४' बुडवली. समोरची बोट दिसत नाही, नुसत्या आवाजावरून तिची दिशा, वेग आणि खोली ताडायची असते. तसं १९७१ मध्ये आपल्याकडून झालं असतं, तर जगभरच्या नौदल शाळांत तो धडा शिकवला गेला असता.

१८ दिवसांचं म्हणाल, तर डिझेल-इलेक्ट्रिक बोटीला बॅटऱ्या चार्ज करायला अधूनमधून पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावीच लागते. कुरसुरा आज विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर संग्रहालय म्हणून उभी आहे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल भोकातून आधी पाय, मग डोकं काढावं लागतं. खांद्याला सतत एखादी नळी नाहीतर व्हॉल्व्ह लागतो. तिथे उभं राहिलं की कळतं, शत्रू कान लावून बसलेला असताना इथे कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नसेल. सिनेमात खलाशी गाझीला डिवचायला राष्ट्रगीत गातात. थिएटरात माझ्याही अंगावर काटा आला होता, पण पाण्याखाली तो आपला पत्ता शत्रूला देणं आहे.

आता खरं काय घडलं ते. गाझी १४ नोव्हेंबर १९७१ला कराचीहून निघाली, विक्रांतच्या शोधात आणि विशाखापट्टणमसमोर सुरुंग पेरायला. सिनेमातला हा भाग खरा आहे. पण विक्रांत तिथे नव्हतीच. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी तिला अंदमानकडे हलवलं होतं आणि तिच्या जागी 'राजपूत' या दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या विनाशिकेला सोंग घ्यायला लावलं. राजपूत विक्रांतच्या नावाने वायरलेसवर बोलत राहिली. बाजारात मोठ्या जहाजाला पुरेल एवढ्या शिध्याची ऑर्डर गेली. आणि माझ्या मनातून न जाणारी गोष्ट म्हणजे एक खाजगी तार. विक्रांतवरचा म्हणून एक खलाशी आजारी आईची चौकशी करतो, तीही सांकेतिक भाषेत नाही, कुणालाही वाचता येईल अशी. एका आईच्या नावाने टाकलेलं हे आमिष कुठल्याही पाणतीराच्या (टॉर्पेडोच्या) दृश्यापेक्षा थरारक आहे, आणि सिनेमाच्या गोष्टीमुळे तेच झाकलं जातं.

३ डिसेंबरच्या मध्यरात्री राजपूत बंदराबाहेर पडली. लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांना पुढे पाणी ढवळलेलं दिसलं आणि त्यांनी दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. थोड्या वेळाने झालेला स्फोट शहरातही जाणवला. मग कोळ्यांना तरंगतं सामान सापडलं आणि गोताखोरांनी खाली उतरून गाझीची ओळख पटवली. ती डेप्थ चार्जमुळे बुडाली की पुढच्या भागातल्या तिच्याच सुरुंगांच्या किंवा पाणतीरांच्या स्फोटाने, हा वाद आजही चालू आहे. पाकिस्तान अपघात म्हणतो. दोन्ही बाजूंनी कुणीही एस-२१चं नाव घेत नाही. शिवाय गाझी बुडाल्याचं भारताने युद्ध चालू असतानाच जाहीर केलं होतं.

नौदल दिनाचाही संबंध गाझीशी नाही. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला, त्याचा तो दिवस. गाझीची रात्र आदलीच, त्यामुळे घोटाळा होत असावा.

त्या युद्धात पाणबुडीने शत्रूचं जहाज खरोखर बुडवलं, पण ते आपलं होतं. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या 'हँगोर' पाणबुडीने आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत.