चार किल्ले, एक गाडी आणि ड्रायव्हर मीच

दरवेळी तेच! मँचेस्टरहून सातला निघायचं ठरतं आणि गाडी हलते साडेनवाला, कारण कुणाचे तरी पराठे व्हायचे असतात. मग नॉर्थ वेल्समधले कॉन्वी, बोमारिस, कार्नार्वन, हार्लेक चारही एका दिवसात उरकायचे, त्यात कॉन्वीच्या तटावरच तासभर फोटो, आणि १२९५ ला बांधायला घेतलेल्या अन् कधीच पुरा न झालेल्या बोमारिससमोर उभं राहून म्हणे 'आपल्या राजगडापुढे काहीच नाही'. अरे बाबा, राजगड तू शेवटचा चढलास कधी?? हार्लेकला पोचतो तर गेट बंद. परतताना सगळे ढाराढूर, आणि एवढ्याशा अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स घेतोय कोण, तर मीच, कारण बाकीच्यांचं लायसन्स तीन वर्षं झाली अजून 'प्रोसेसमध्ये' आहे.